जिनिंगच्या नव्या माणसांसाठी अ‍ॅनिमेटेड व्हिडिओ: पावसाळ्यात बनवा, हंगामात वापरा

खानदेशात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा, हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि गेटवर नव्या माणसांची रांग लागते. कोणी धडगाव-तळोद्याकडचं, कोणी चोपडा-शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरचं, कोणी ठेकेदाराबरोबर थेट बिहारहून आलेलं. काट्यावर कापसाच्या गाड्या उभ्या, मालक घाईत, सुपरवायझरचा घसा बसलेला. अशा वेळी नव्या माणसाच्या वाट्याला जे प्रशिक्षण येतं ते एवढंच: "त्याच्यामागे उभा राहा आणि बघ."

बघून काय दिसतं? मशीनचं झाकण दिसतं. आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि धोका नेमका आतच असतो.

मी जळगाव भागात जिनिंग-प्रेसिंगमध्ये माणसं घेण्याचं आणि त्यांना कामाला लावण्याचं काम करतो. दालमिल आणि पाइपच्या कारखान्यातल्या मंडळींनाही असे व्हिडिओ बनवायला मदत केली आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना मालकाने "आपणही एखादा कार्टून व्हिडिओ करून घ्या" असं सांगितलंय आणि सुरुवात कुठून करायची ते उमगत नाहीये. उदाहरणं बहुतेक जिनिंगची आहेत. तुमचा कारखाना वेगळा असेल तर मशीनचं नाव बदला, पायऱ्या त्याच राहतील.

## १. आधी ठरवा: अ‍ॅनिमेशन कशाला हवं आणि कशाला नको

बहुतेक पैसा इथेच वाया जातो. मालकाला कंपनीचा इतिहास, संस्थापकांचा फोटो आणि ड्रोनचं दृश्य असलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ हवा असतो. तो पाहुण्यांसाठी ठेवा. नव्या हेल्परला त्यातलं काही लागत नाही.

माझा नियम सरळ आहे. जिथे डोळा किंवा कॅमेरा पोहोचत नाही तिथे अ‍ॅनिमेशन लावा. बाकी सगळं माणसाने माणसाला दाखवायचं, फार तर मोबाइलवर शूट करायचं.

जिनिंगमध्ये अशा तीन जागा आहेत.

पहिली, डबल रोलर जिनच्या आतला भाग. कापूस फिरत्या रोलरला चिकटतो, चाकूखालून रुई ओढली जाते, सरकी मागे राहते आणि मधल्या बीटरच्या फटक्याने खाली पडते. बाहेर उभ्या माणसाला फक्त वरून कापूस जाताना आणि पुढून रुई येताना दिसते. चालू मशीनचं झाकण काढून त्याला दाखवता येत नाही, दाखवूही नये. अ‍ॅनिमेशनमध्ये झाकण बाजूला सरकवायला दोन सेकंद लागतात.

दुसरी, आग. कापसात आलेला खिळा, नट किंवा दगड मशीनमध्ये लोखंडावर आपटला की ठिणगी पडते. ती रुईबरोबर पुढे निघून जाते. वरून विझलेली दिसणारी रुई आत धुमसत राहते, दाबून बांधलेल्या रुईच्या गाठीच्या पोटात तर बराच वेळ. नवा माणूस वर पाणी मारतो आणि "विझलं" म्हणून निघून जातो. गाठीचा उभा छेद घेऊन आतला लाल ठिपका हळूहळू पसरताना दाखवला, की "लक्ष ठेवा" हे वेगळं समजवावं लागत नाही.

तिसरी, कचरा. शेतकरी कापूस प्लॅस्टिकच्या गोणीत आणतो. गोणीचा एक धागा ढिगात पडला तर मशीन त्याचे बारीक तंतू करून रुईत पसरवतं. रुईत ते दिसत नाहीत, सुतातही पटकन दिसत नाहीत. कापड रंगवल्यावर दिसतात, कारण पॉलिप्रॉपिलीन कापसाचा रंग धरत नाही. रंगीत कापडावर पांढरे ठिपके राहतात आणि माल परत येतो. फलाटावर बसून कचरा वेचणाऱ्या मावशीला हा प्रवास कधीच दिसत नाही. धाग्यामागे गोणीपासून कापडापर्यंत कॅमेरा नेला, तर केस, सुतळी आणि गुटख्याच्या पुड्या वेचायचा हट्ट कशासाठी आहे ते तिला पटतं.

दुसऱ्या कारखान्यांतही अशा जागा सापडतील. एक्स्ट्रूडरचं, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनचं, बॅरल गार असो की तापलेलं, दिसायला सारखंच असतं. सरकीच्या किंवा धान्याच्या ढिगाला खालून उपसत गेलं की वरचा भाग कधी कोसळेल ते उभ्या माणसाला कळत नाही. केळी पिकवण्याच्या बंद खोलीत इथिलीन सोडतात, फळातून कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि दोन्ही वायू डोळ्यांना दिसत नाहीत. रावेर-यावलकडे केळीचं काम करणाऱ्यांनी पहिला व्हिडिओ यावरच करावा.

आता नको कुठे ते. गाठीला पट्टी बांधणं, कवडी (खराब, पिवळट) कापूस वेगळा काढणं, हातात घेऊन ओल ओळखणं ही हाताची कामं आहेत. चित्रातला कापूस कितीही छान काढला तरी कवडीचा पिवळटपणा त्यात येत नाही. खरा नमुना टेबलावर ठेवा.

## २. कागद आणि सामान जमवा

चित्रकाराला फोन करण्याआधी एवढं एका फाइलमध्ये हवं:

- मशीनचं मॅन्युअल आणि आतल्या भागांचं ड्रॉइंग. नसेल तर मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे मागा. काहींकडे त्रिमिती मॉडेल तयार असतं.
- अपघात नोंदवही, आणि "थोडक्यात वाचलं" अशा घटनांची यादी. ही यादी कुठेच लिहिलेली नसते. फिटर आणि मुकादमाबरोबर चहाला बसून काढावी लागते.
- कामाची सध्याची लेखी पद्धत, असेल तर. कागदावरची पद्धत आणि शेडमधली पद्धत वेगळी निघाली, तर आधी तो वाद मिटवा.
- प्रत्येक मशीनचे चारही बाजूंनी फोटो. बंद करायच्या बटणाचा जवळून फोटो वेगळा.
- गेल्या हंगामातली माणसं कोणत्या गावांची, घरी काय बोलतात, वाचता किती जणांना येतं.
- मास्क, टोपी, हातमोजे, जे खरंच देता त्याचे फोटो. व्हिडिओत हेल्मेट आणि शेडमध्ये रुमाल, असं झालं तर पहिल्याच दिवशी व्हिडिओवरचा विश्वास उडतो.

सामान म्हणाल तर एक बऱ्यापैकी लॅपटॉप, कॉलर माइक, चाळीस इंची टीव्ही, वेगळा स्पीकर आणि पेनड्राइव्ह. प्रोजेक्टर घेऊ नका. जिनिंगच्या आवारात उडणारी रुई त्याच्या पंख्यात जाऊन बसते.

## ३. वेळ साधा

आषाढ ते दसरा हा काळ या कामासाठी सोन्यासारखा आहे, आणि त्याची तीन कारणं आहेत.

पावसाळ्यात जिनिंग बंद असते आणि मशीन दुरुस्तीला उघडलेली असतात. रोलर बाहेर, चाकू बाहेर, झाकणं भिंतीला टेकलेली. चित्रकाराला आतलं सगळं डोळ्यांनी बघता येतं, हात लावून मापं घेता येतात. फिटरही निवांत असतो, चार प्रश्नांची उत्तरं न चिडता देतो.

दुसरं, चातुर्मासात लग्नं थांबतात. जळगाव, धुळे, अमळनेर, कुठेही बघा, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे एडिटिंगचा चांगला संगणक आणि हात बसलेला एडिटर असतो. एरवी त्याला फुरसत नसते. श्रावणात तो तुमचं काम बऱ्या दरात आणि मन लावून करतो. तुळशीच्या लग्नानंतर त्याच्याकडे गेलात तर तारीखच मिळणार नाही.

तिसरं, दसऱ्याच्या आधी तयार झालं तर पहिल्या तुकडीवर ते वापरून बघता येतं. हंगाम भरात आला की दुरुस्ती सुचवायलाही कोणाला वेळ नसतो.

## ४. एक व्हिडिओ, एक काम

एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्या. "सुरक्षा" हा विषय मोठा झाला, "रोलरमध्ये कापूस अडकला तर काय करायचं" हा व्हिडिओ झाला. लांबी दीड ते दोन मिनिटं. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात, म्हणजे दोन मिनिटांची स्क्रिप्ट सव्वादोनशे शब्दांच्या आसपास. पान भरलं की थांबा.

स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहा. डावीकडे दिसणारं, उजवीकडे ऐकू येणारं. नमुन्यादाखल रोलरचा व्हिडिओ असा जातो:

चित्र: पूर्ण मशीन, शेजारी कामगार. आवाज: "हे तुमचं मशीन. आत दोन रोलर फिरतात. बाहेरून ते दिसत नाहीत."

चित्र: झाकण बाजूला सरकतं, रोलर आणि चाकू दिसतात. आवाज: "रोलर कापूस ओढतो. कापूस आहे की बोट, हे त्याला कळत नाही."

चित्र: कापसाचा गोळा अडकतो. कामगाराचा हात पुढे जातो. चित्र थांबतं. आवाज: "आता काय करायचं?"

चित्र: हात मागे येतो, लाल बटण दाबतो. रोलरचा वेग कमी होत जातो. आवाज: "आधी बंद. बटण दाबलं तरी रोलर लगेच थांबत नाही. पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही."

चित्र: फिटर येतो, मेन स्विचला कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात टाकतो. आवाज: "अडकलेलं काढायचं काम फिटरचं. तुमचं काम त्याला हाक मारायचं."

बस, एवढंच. रक्त नाही, किंकाळी नाही. भीती दाखवली की माणसं चित्र लक्षात ठेवतात आणि बटण विसरतात. मात्र हात पुढे गेल्यावर चित्र थांबतं ती जागा चुकवू नका. तिचा उपयोग नवव्या पायरीत आहे.

पडद्यावर जे लिहिलंय तेच आवाजात वाचून दाखवू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर बरेच प्रयोग केले आहेत. चित्र आणि आवाज असताना तेच शब्द पडद्यावर लिहून आले, तर डोळे चित्र सोडून अक्षरांमागे जातात आणि समज कमी होते. आपल्याकडे तर बऱ्याच लोकांना ती अक्षरं वाचताच येत नाहीत. "बंद", "चालू", "फिटर" असे सुटे शब्द ठेवा, वाक्यं काढून टाका.

बदलणाऱ्या गोष्टी व्हिडिओत घालू नका. मॅनेजरचं नाव, मोबाइल नंबर, शिफ्टची वेळ, मजुरीचा दर हे सगळं भिंतीवरच्या फलकावर लिहा. नाहीतर दरवर्षी एडिटरचं घर चालवाल.

## ५. पगाराचा व्हिडिओ आधी करा

सुरक्षेवर व्हिडिओ करायचाच आहे. पण नव्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न मशीनचा नसतो, "पैसे किती आणि कधी" हा असतो. त्याचं उत्तर मिळालं की तो पुढचं नीट ऐकतो.

पगारातून काय कापलं जातं हे नाण्यांच्या ढिगाने छान दाखवता येतं. समजा मूळ पगार १२,००० रुपये. पीएफचे बारा टक्के म्हणजे १,४४० रुपये एका डब्यात गेले. ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, पाऊण टक्का म्हणजे ९० रुपये दुसऱ्या डब्यात. मग मालकाच्या बाजूनेही त्याच डब्यांत पैसे पडताना दाखवा. ईएसआयसीत त्याचा वाटा सव्वातीन टक्के आहे. हे दृश्य पाहिलं की "ठेकेदाराने पैसे खाल्ले" ही कुजबुज बरीच कमी होते. ठेकेदाराने खरंच खाल्ले असतील तर तेही उघड होतं, त्याला इलाज नाही. डब्यांचं चित्र कायम ठेवा, आकडे वेगळ्या थरावर ठेवा, म्हणजे टक्केवारी बदलली तर तेवढंच बदलता येईल. ईएसआयसीची २१,००० रुपयांची पगारमर्यादाही तशीच वेगळी ठेवा.

यातच पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँकेचं पासबुक हे तीन प्रसंग घाला. दुसऱ्याच्या मोबाइल नंबरवर यूएएन काढून देणारे प्रत्येक गावात भेटतात. पुढे पैसे काढताना ओटीपी त्याच्याकडे जातो. हे चित्रात जरूर दाखवा.

बायका कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यावरही एक व्हिडिओ हवा. दहा किंवा अधिक माणसं असली की अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. हा विषय खऱ्या माणसांना अभिनय करायला लावून शूट केला तर शेडमध्ये वर्षभर चेष्टा होते. अ‍ॅनिमेशन इथे फार सोयीचं पडतं. फक्त चित्रातला कोणी आपल्या मुकादमासारखा दिसणार नाही याची काळजी घ्या, मिशीपासून सगळं तपासा.

## ६. भाषा: प्रमाण मराठीचा हट्ट सोडा

कार्यालयात बसून लिहिलेली स्क्रिप्ट अशी असते: "यंत्र कार्यान्वित असताना त्यात हस्तक्षेप करू नये." शेडमध्ये हे कोणी बोलत नाही. अहिराणीत सरळ म्हणा: "मशीन चालू शे, आठे हात घालू नको."

धुळे, अमळनेर, पारोळा, साक्री या पट्ट्यात अहिराणी चालेल. भुसावळ-यावल-रावेरकडे लेवा बोली जास्त जवळची. सातपुड्यातल्या माणसांसाठी पावरी किंवा भिली, आणि बाहेरून आलेल्यांसाठी हिंदी. सगळ्या भाषा लगेच नको. गेल्या हंगामाची यादी बघा आणि सगळ्यात जास्त माणसं ज्यांची आहेत त्या दोन भाषांत आवाज करा.

भाषांतर कागदावर करून घेऊ नका. चित्र मोबाइलवर लावा, त्या भाषेच्या जुन्या कामगाराला दाखवा आणि म्हणा, "हे तुझ्या भावाला कसं सांगशील?" तो जे बोलेल ते रेकॉर्ड करा. तीच स्क्रिप्ट. त्याला त्या वेळेची मजुरी द्या.

## ७. स्टोरीबोर्ड आणि कच्चा व्हिडिओ

ही पायरी सगळे गाळतात आणि मग महिनाभर एडिटरशी भांडतात.

कोऱ्या कागदावर सहा चौकोन आखा. प्रत्येकात पेन्सिलने प्रसंग काढा, काड्यांची माणसं चालतील. चौकोनांचे फोटो काढा, मोबाइलवरच आवाज भरा, फोटो आवाजाला जुळवून ओळीने लावा. हा झाला कच्चा व्हिडिओ. तो तीन-चार कामगारांना दाखवा आणि "समजलं का" असं अजिबात विचारू नका. सगळे "हो" म्हणतात. "आता तू काय करशील?" असं विचारा.

या वेळी काही गोष्टी हमखास लक्षात येतात.

हातावर लाल फुली काढली तर काहींना ती दवाखान्याची खूण वाटते. "नको" दाखवायला हात मागे घेणारं माणूस जास्त लवकर कळतं. डोक्यावरचा विचारांचा ढग शाळा न झालेल्या माणसाला ढगच वाटतो. मशीनचा छेद थेट दाखवला तर ते वेगळंच मशीन समजतात, म्हणून आधी ओळखीचं पूर्ण मशीन, मग झाकण सरकणं, मग आतला भाग, असा क्रम ठेवा. बाण मोठा आणि हलता हवा.

आणखी एक बघा. चूक करणारा दरवेळी आदिवासी किंवा बिहारी, आणि शिकवणारा दरवेळी गोरा, इस्त्रीच्या शर्टातला, असं चित्रकाराच्या हातून सहज होतं. समोर बसलेल्यांना ते लगेच दिसतं, बोलत मात्र कोणी नाही. निदान एका व्हिडिओत पावरा मुकादमाने सुपरवायझरला थांबवू द्या. पदर, ओढणी, गमछा, मनगटावरचे धागे आणि कडं हे मात्र जसंच्या तसं काढा, कारण मशीनमध्ये तेच अडकतं.

कच्चा व्हिडिओ पास झाल्याशिवाय रंगीत चित्रांना हात लावू देऊ नका. पेन्सिल खोडायला काही लागत नाही, तयार अ‍ॅनिमेशन खोडायला पैसे लागतात.

## ८. चित्रं, सॉफ्टवेअर आणि आवाज

चित्रपटासारखं अ‍ॅनिमेशन मागू नका. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तर दोन मिनिटांत तीन हजार फ्रेम होतात. आपल्याला कट-आउट पद्धत पुरते: धड, हात, डोकं वेगवेगळं काढायचं आणि सांध्यावर फिरवायचं. एकदा काढलेला कामगार सगळ्या व्हिडिओंत वापरता येतो.

चित्रकार पुण्या-मुंबईतच शोधायला हवा असं नाही. फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉवर बसणाऱ्या मुलाचा हात बहुतेक वेळा यासाठी तयार असतो. तो चित्रं काढेल, लग्नाचा एडिटर ती हलवेल. स्वतःच करणार असाल तर पॉवरपॉइंटमध्ये अ‍ॅनिमेशन देऊन फाइल थेट व्हिडिओ म्हणून काढता येते, आणि पहिल्या व्हिडिओला ते पुरेसं आहे. कॅनव्हा आणि अ‍ॅनिमेकरमध्ये तयार पात्रं मिळतात, पण ती सुटाबुटातली असतात आणि फुकट आवृत्तीत मर्यादा असतात. ओपनटून्झ, ब्लेंडर आणि इंकस्केप पूर्ण मोफत आहेत, शिकायला मात्र वेळ लागतो. त्रिमितीच्या मागे फक्त तेव्हाच लागा, जेव्हा मशीन कंपनीने मॉडेल दिलंय.

एआयने व्हिडिओ बनवून देणारी साधनं आता सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत. पगाराच्या डब्यांसारख्या साध्या चित्रांना ती चालतील. मशीनच्या आतल्या भागासाठी वापरू नका. ती नसलेला पट्टा काढतात, रोलर उलटा फिरवतात आणि देवनागरी अक्षरांची मोडतोड करतात. फिटरने एकदा हसून दाखवलं की तो व्हिडिओ संपला.

अक्षरांवरून आठवलं. जुन्या फॉन्टमधला मजकूर व्हिडिओत घेतला की अक्षरं भलतीच होतात. युनिकोड वापरा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत. एडिटरच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर त्यातला दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय चालू करायला सांगा. तेही जमेना तर शब्दाचं चित्र बनवून टाका.

आवाज माणसाचाच घ्या. संगणकी आवाज चाकूमधला 'चा' चहासारखा उच्चारतो, जाळीतला 'जा'ही असाच चुकवतो, आणि ऐकणारी माणसं गालात हसतात. रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. कार्यालयाची आतली खोली, भिंतींना उभ्या लावलेल्या दोन-तीन गाद्या, पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, माइक तोंडापासून वीतभर. दुपारच्या सुट्टीत करा. बाईचा आवाज गोंगाटात स्पष्ट ऐकू येतो असा माझा अनुभव आहे. पार्श्वभूमीला सिनेमाचं गाणं टाकू नका, आणि टीव्हीवरची कार्टून पात्रं उचलू नका. दोन्हींवर दुसऱ्याचा हक्क असतो.

कामाचा कागद करताना एवढं लिहून घ्या: दर मिनिटामागे, कच्चा व्हिडिओ मंजूर झाल्यावर किती दुरुस्त्या फुकट, आणि मूळ फाइल्स तुमच्या ताब्यात. तिसरी अट सोडू नका. मूळ फाइल नसेल तर उद्या एक शब्द बदलायलाही त्याच्याच दारात उभं राहावं लागेल.

## ९. दाखवायचं कसं

जिनच्या शेडमध्ये दाखवू नका, तिथे आवाजात काही ऐकू येत नाही. कॅन्टीन किंवा कार्यालयाचा ओटा बघा. एका वेळी दहा-बारा माणसं, त्याहून जास्त नाही.

सुपरवायझरच्या हातात रिमोट द्या आणि "आता काय करायचं?" तिथे त्याला थांबवायला सांगा. तिथे एकाला नाव घेऊन विचारायचं. उत्तर चुकलं तर रागवायचं नाही, दुसऱ्याला विचारायचं. मग पुढे. व्हिडिओ संपला की त्याच माणसांना बंद मशीनपाशी न्यायचं आणि लाल बटणावर प्रत्येकाला हात ठेवायला लावायचा. नुसता व्हिडिओ लावून सुपरवायझर चहाला गेला, तर तो दाखवला नाही असंच धरा.

पहिल्या दिवशी तीनच: पगार, रोलर, आग. कचऱ्याचा दुसऱ्या दिवशी. आठवड्याने रोलरचा पुन्हा, कारण तोवर भीड चेपलेली असते आणि हात झाकणाकडे जायला लागतो. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. तेव्हा हंगाम उतरणीला लागलेला असतो आणि जुन्यांनाही परत दाखवायला निमित्त मिळतं.

फाइल एमपी४, १२८० बाय ७२० पुरते. पेनड्राइव्हवरच्या फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, काही टीव्हींवर मराठी नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून धूसर करतं. मात्र ग्रुपवर गेलेली जुनी आवृत्ती परत घेता येत नाही, म्हणून पहिल्या फ्रेमवर वर्ष आणि आवृत्ती लिहा.

## १०. नोंद आणि हंगामानंतरचं काम

कारखाने अधिनियम, १९४८ ने प्रशिक्षणाची आणि देखरेखीची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतही ती आहे. व्हिडिओ आहे म्हणून ती संपत नाही. एक वही ठेवा: तारीख, नाव, सही किंवा अंगठा, कोणता व्हिडिओ, कोणत्या भाषेत, कोणी दाखवला, आणि बटणावर हात ठेवून दाखवलं का. ठेकेदाराच्या माणसांनाही त्याच वहीत घ्या. ती "आपली नाहीत" हे कारण अपघातानंतर कोणी ऐकून घेत नाही.

व्हिडिओ उपयोगी पडला का, हे "आवडला का" विचारून कळत नाही. आठवडाभराने शेडमध्ये उभं राहून बघा: अडकल्यावर किती जण आधी बटणाकडे जातात, फलाटावरच्या कचऱ्याच्या डब्यात रोज किती निघतं, गेल्या हंगामात पट्ट्याजवळ किती वेळा ठिणगी दिसली आणि यंदा किती. आकडे लिहून ठेवले तर पुढच्या वर्षी मालकाकडे पैसे मागताना जड जात नाही.

हंगाम संपला की मूळ फाइल्स दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातली एक कारखान्याबाहेर ठेवा. मुकादमांना विचारून दुरुस्त्यांची यादी तेव्हाच लिहा, आषाढापर्यंत कोणाला काही आठवत नाही. मशीनवर नवं झाकण बसलं असेल, बटणाची जागा हलली असेल, तर त्या व्हिडिओवर "दुरुस्तीपर्यंत बंद" असं लिहून तो टीव्हीच्या पेनड्राइव्हवरून काढून टाका.